सरपण : लाकूड गोळा करणे, फोडणे आणि वाळविणे

स्वयंपाकाचा खर्च मोजताना धान्य, तेल व मीठ यांचा हिशेब बहुधा होतो. जळणाचा हिशेब क्वचितच होतो. विकत घ्यावे न लागणारे सरपण फुकट मिळते असे समजले जाते. प्रत्यक्षात त्याची किंमत पैशाऐवजी श्रमाने, वेळाने आणि पुष्कळदा आरोग्याने चुकती केली जाते.

२०११ च्या जनगणनेत भारतातील ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी मुख्यतः लाकूड जाळीत असल्याची नोंद झाली. ग्रामीण भागात हे प्रमाण ६२.५ टक्के होते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गॅसच्या जोडण्या खेडोपाडी पोहोचू लागल्या. तथापि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४३.२ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचे आढळले. ज्या घरी गॅसची शेगडी आली, त्यांपैकी अनेक घरी भाकरी भाजण्यासाठी आणि आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी चूलही पेटतच राहिली. म्हणून सरपणाचे शास्त्र जाणून घेणे अजूनही उपयुक्त आहे.

लाकूड तोडणे व जाळणे या दोन क्रियांकडेच सामान्यतः लक्ष दिले जाते. परंतु सरपणाचा कस मुख्यतः ठरतो तो या दोहोंमधील काळात, म्हणजे लाकडाचे तुकडे करणे, ते फोडणे आणि वाळविणे या कामांत. हे काम वेळेवर व नीट झाले, तर त्याच लाकडापासून अधिक उष्णता मिळते, धूर कमी होतो आणि ओझेही हलके होते.

लाकडाची घडण

लाकूड हे झाडाच्या खोडात उभ्या दिशेने मांडलेल्या अतिशय बारीक नळ्यांचा जुडगा होय. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या बनलेल्या असतात आणि लिग्निन नावाचा पदार्थ त्यांना घट्ट चिकटवून ठेवतो. झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेले पाणी यांपैकी अनेक नळ्यांतून वर चढते.

या रचनेमुळे लाकडाचे बळ सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ताणले असता लाकूड सहजासहजी तुटत नाही. पण तंतू एकमेकांपासून बाजूला ओढले असता ते पुष्कळच कमी बळाने अलग होतात. करवतीने ओंडका आडवा कापण्यास बराच वेळ लागतो आणि तोच ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावाने उभा उकलतो, याचे कारण हेच आहे. आडव्या कापात प्रत्येक तंतू तोडावा लागतो. उभे फोडताना तंतूंमधील जोड तेवढा सोडवावा लागतो.

खोडाच्या आडव्या कापावर वाढीची वर्तुळे दिसतात. त्यांखेरीज गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषाही असतात. या रेषांच्या ठिकाणी पेशींची मांडणी आडवी असल्यामुळे त्या पातळीत लाकूड विशेष सहज उकलते. वाळत असलेल्या ओंडक्याच्या तोंडावर पडणाऱ्या भेगाही गाभ्याकडूनच सालीकडे जातात. वाळताना लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते आऱ्यांच्या दिशेने आकसते. या विषम आकसण्याचा ताण असह्य झाला की भेग पडते. कुऱ्हाड कोठे मारावी, हे अशी भेग आधीच दाखवून देते.

मोळीतील पाणी

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या एकूण वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एखाद्या स्त्रीने २० किलोग्रॅम वजनाच्या अशा ओल्या लाकडांची मोळी डोक्यावरून आणली, तर तिने १० किलोग्रॅम लाकूड आणि १० किलोग्रॅम पाणी वाहून आणलेले असते. तेच लाकूड वाळून त्यातील पाण्याचा अंश एकूण वजनाच्या २० टक्क्यांवर आला, तर मोळीचे वजन १२.५ किलोग्रॅम भरते. जळाऊ द्रव्य मात्र दोन्ही मोळ्यांत सारखेच असते. उरलेल्या साडेसात किलोग्रॅम पाण्याचा स्वयंपाकाला काही उपयोग नाही. सरपण आणण्याचे काम आपल्या देशात बहुतांशी स्त्रिया व मुली करतात. त्यामुळे हा हिशेब केवळ इंधनाचा नसून त्यांच्या मानेवरील व पाठीवरील भाराचाही आहे.

चुलीत हे पाणी दुसऱ्यांदा नुकसान करते. पूर्ण वाळलेले एक किलोग्रॅम लाकूड जळाले असता सुमारे ४५०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. निम्मे पाणी असलेल्या एक किलोग्रॅम लाकडात जळण्याजोगा भाग अर्धा किलोग्रॅमच असल्यामुळे त्यापासून सुमारे २२५० किलोकॅलरी मिळतात. उरलेल्या अर्ध्या किलोग्रॅम पाण्याला उकळीपर्यंत तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे मिळालेल्या उष्णतेचा जवळजवळ सातवा हिस्सा भांड्याऐवजी सरपणातील पाण्यावर खर्च होतो. २० टक्के पाणी असलेल्या लाकडात ही हानी सुमारे तिसाव्या हिश्शाइतकीच असते.

याहून मोठी हानी वेगळ्याच प्रकारे होते. लाकूड तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात; वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग या वायूंच्या रूपाने निघून जातो. ज्वाला दिसते ती प्रामुख्याने त्यांची. हे वायू नीट पेटण्यास तीव्र उष्णता लागते. ओले लाकूड मात्र आतील पाणी निघून जाईपर्यंत १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर तापत नाही आणि त्याची वाफ ज्वालेलाही थंड करते. परिणामी वायू न जळताच धुराच्या रूपाने निसटतात. हा धूर म्हणजे वाया गेलेले इंधनच होय.

लाकूड गोळा करणे

रानात जाऊन वाळक्या काटक्या व पडलेल्या फांद्या वेचण्याची परंपरागत पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरते. झाडावरच वाळलेली फांदी वजनाला हलकी असते आणि लवकर पेटते. शिवाय जिवंत झाडाला इजा होत नाही. वाळकी फांदी मोडताना कडकन आवाज होतो, तिची साल सहज सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत नाद येतो. ओली फांदी वाकते, तिचा नाद बद्द येतो. मात्र पावसाळ्यात दीर्घकाळ जमिनीवर पडून कुजलेले लाकूड हलके असले तरी उपयोगाचे नसते, कारण बुरशीने त्यातील जळाऊ द्रव्य खाऊन टाकलेले असते.

निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या झाडांना पसंती मिळते. दख्खनच्या पठारावर बाभळीचे सरपण उत्तम मानले जाते. तिचे लाकूड जड असून निखारे दीर्घकाळ टिकतात. उत्तराखंडाच्या डोंगरांत बांज नावाच्या ओक वृक्षाला मान आहे. तमिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड मोठ्या प्रमाणावर होते आणि तिचे लाकूड जळणालाही जाते. कच्छपासून तमिळनाडूपर्यंत पसरलेली वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातील आहे; ती कुरणे व पडीक जमिनी व्यापून टाकते, पण अनेक गरीब कुटुंबांचे सरपणही तीच पुरविते.

येथे एक सर्वसामान्य नियम ध्यानात ठेवावा. पूर्ण वाळलेल्या लाकडांचे सारख्या वजनाचे तुकडे घेतले, तर त्यांपासून मिळणाऱ्या उष्णतेत जातीपरत्वे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो घनतेत. जड लाकडाचा तेवढ्याच आकाराचा तुकडा अधिक वेळ जळतो. हलके लाकूड झटकन पेटते व झटकन संपते. म्हणून विस्तव पेटविण्यास हलके आणि टिकविण्यास जड लाकूड वापरणे सोयीचे असते.

काही झाडे सरपणासाठी सर्वथा वर्ज्य समजावीत. कण्हेर विषारी असून तिचा धूरही अपायकारक असतो. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो आणि त्याच्या धुरानेही अंगावर सूज व फोड येतात. तसेच रंग दिलेले किंवा वाळवीविरोधी औषध लावलेले जुने इमारती लाकूड स्वयंपाकाच्या चुलीत कधीही घालू नये.

राखीव वनांतून लाकूड काढण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. डोक्यावरून मोळी नेण्याची सवलत कोठे व किती आहे, हे राज्यपरत्वे व वनपरत्वे बदलते. त्यामुळे स्थानिक नियमांची माहिती आधी करून घ्यावी.

ओंडके कापणे

जाड फांदी किंवा पडलेले खोड प्रथम चुलीस योग्य अशा लांबीत कापावे लागते. कुऱ्हाडीने आडवे तोडताना लाकडाचा बराच भाग ढलप्यांच्या रूपाने उडतो. करवतीने भुसा तेवढाच पडतो. म्हणून जाड लाकडास करवत अधिक योग्य. दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब करवत दोघे जण आलटून पालटून आपल्याकडे ओढतात. तिचे पाते पातळ असल्याने ते ओढावयाचे असते, ढकलावयाचे नसते. ढकलले असता ते वाकते.

विसाव्या शतकात या कामात यंत्र आले. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत तयार केली आणि त्यानंतर १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत आली. आरंभीची ही यंत्रे दोघांनी मिळून चालवावी लागत. त्यांच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे असून ते लवकर बोथट होत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ ब्यूफोर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली एका भुंग्याची अळी ओंडका कशी पोखरते याचे निरीक्षण केले. ती अळी आपल्या जबड्यांनी डावीउजवीकडे लाकूड तासत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने एकाआड एक डावे व उजवे वाकडे दात असलेली साखळी बनविली. आजच्या ‘चेन सॉ’च्या साखळीची रचना मूलतः त्याच तत्त्वावर आहे.

चेन सॉची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने फिरू शकते. ज्या लोखंडी पट्टीवरून ती फिरते, त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला तर दात अडकतात आणि सगळे यंत्र उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हे एका क्षणात घडते. माणसाला हात आवरण्यास वेळ मिळत नाही. यासाठी यंत्र नेहमी दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती घट्ट वळवून धरावे. टोकाने कापू नये. खांद्याच्या वर यंत्र उचलू नये. शिडीवर उभे राहून कापू नये. साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक नीट चालत असल्याची खात्री काम सुरू करण्यापूर्वी करावी. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर आवाजरोधक, मजबूत बूट आणि साखळी अडविणाऱ्या धाग्यांची विजार ही साधने चैनीची नव्हेत. या विजारीतील लांब धागे साखळीत गुरफटतात आणि ती पायापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबते. यंत्राच्या सततच्या कंपनाने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन बोटे पांढरी व बधिर पडण्याचा विकारही जडतो. म्हणून मधूनमधून विश्रांती घ्यावी. शाळकरी मुलांनी हे यंत्र हाताळू नये.

करवत कोणतीही असो, ओंडका कसा टेकला आहे ते आधी पाहावे. दोन्ही टोकांना आधार असून मध्य अधांतरी असेल, तर ओंडक्याची वरची बाजू दाबाखाली व खालची ताणाखाली असते. अशा वेळी केवळ वरून कापीत गेल्यास काप मिटतो आणि पाते चिमटले जाते. वरून थोडेसे कापून उरलेला काप खालून घ्यावा. एकच टोक अधांतरी असेल तर स्थिती नेमकी उलट असते.

कुऱ्हाड आणि पाचर

कुऱ्हाड ही चालती पाचर होय. दोन किलोग्रॅम वजनाचे पाते सेकंदाला १० मीटर वेगाने लाकडावर आदळले, तर त्याची गतिज ऊर्जा १०० ज्यूल असते. ती ऊर्जा दोन सेंटीमीटर खोल शिरण्यात खर्च झाली, तर त्या क्षणी सरासरी सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाइतका जोर लाकडावर पडतो. पात्याच्या उतरत्या बाजू हा जोर आडवा वळवितात आणि तंतूंना दोन्ही बाजूंस रेटतात. भेग एकदा पडली की ती धारेच्या पुढे धावते. यापुढील काम धार करीत नसून पात्याचे गाल करतात. म्हणूनच झाड तोडण्याची कुऱ्हाड पातळ व धारदार असते, तर लाकूड फोडण्याची कुऱ्हाड जाड गालांची असते. फार जाड ओंडक्यास लोखंडी पाचर भेगेत ठेवून घणाने ठोकणे श्रेयस्कर.

गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. यास्तव अवजड कुऱ्हाड कष्टाने उचलण्यापेक्षा बेताच्या वजनाची कुऱ्हाड लांब दांड्याने वेगात आणणे अधिक फलदायी ठरते. दांडा सरळ रेषेच्या, चिवट व लवचिक लाकडाचा असावा. त्यासाठी धामणीचे लाकूड नावाजलेले आहे. पाते दांड्यावर सैल झाले असल्यास काम तत्काळ थांबवावे.

फोडावयाचा तुकडा रुंद ठोकळ्यावर उभा ठेवावा. ठोकळ्यामुळे पाते जमिनीतील दगडावर आपटत नाही, आणि घाव चुकला तरी तो पायाऐवजी ठोकळ्यात रुतण्याची शक्यता वाढते. पाय फाकून स्थिर उभे राहावे, अनवाणी काम करू नये आणि कुऱ्हाडीच्या फेऱ्यात कोणालाही उभे राहू देऊ नये. पहिला घाव आधीच पडलेल्या भेगेवर घालावा. ओंडका फार जाड असल्यास मध्यावर घाव न घालता कडेच्या फाळी काढीत आत जावे.

गाठ आली की घाव अडतो. गाठ म्हणजे खोडात रुतलेले फांदीचे मूळ. तेथे फांदीचे तंतू खोडाच्या तंतूंना आडवे गेलेले असतात, म्हणून उकलण्यास सरळ वाट उरत नाही. अशा तुकड्यात भेग गाठीच्या बाजूने न्यावी. निलगिरीसारख्या झाडांत तंतू पिळलेले व एकमेकांत गुंतलेले असतात. ती वाळल्यानंतर फोडणे अतिशय जड जाते. बहुतेक कठीण लाकडे ओली असतानाच अधिक सुलभपणे फुटतात. म्हणून आधी फोडावे व मग वाळवावे, हा क्रम योग्य आहे.

रचणे व वाळविणे

फोडण्याचा खरा लाभ वाळविताना दिसतो. २० सेंटीमीटर व्यासाचा व ४० सेंटीमीटर लांबीचा ओंडका घेतला, तर त्याचा सर्व पृष्ठभाग सुमारे ३१४० चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच्या गाभ्यातून चार सारख्या फाळी केल्या असता ३२०० चौरस सेंटीमीटर नवा पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणजे एकूण पृष्ठभाग दुपटीहून थोडा अधिक होतो. शिवाय सालीने झाकलेल्या बाजूतून पाणी फार सावकाश निघते. नवा पृष्ठभाग सालीविना असतो. पाण्याचा प्रवास तंतूंच्या लांबीच्या दिशेने सर्वांत वेगाने होत असल्यामुळे आखूड तुकडेही लांब तुकड्यांपेक्षा लवकर वाळतात.

फाळी जमिनीवर न ठेवता दगडांवर किंवा दोन आडव्या बल्ल्यांवर रचाव्यात. त्यामुळे ओल व वाळवी दूर राहते. दोन फाळींत हवा खेळेल इतकी जागा सोडावी, कापलेली तोंडे वाऱ्याकडे करावीत, आणि वरून आच्छादन घालून बाजू उघड्या ठेवाव्यात. चोहोबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळल्यास आतील वाफ बाहेर जात नाही व लाकडास बुरशी येते. कोकणात पावसाळ्यापूर्वी फोडलेली लाकडे पडवीत किंवा खोपीत रचून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ही सर्व तत्त्वे आलेली आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी फोडलेल्या लाकडास पावसापूर्वी काही महिने मिळतात. ज्येष्ठात फोडलेले लाकूड मात्र दमट हवेत ओलेच राहते. सरपणाची बेगमी म्हणजे केवळ साठा नव्हे, तर वाळण्यास दिलेला वेळ होय.

चुलीतील धूर

वाळलेल्या लाकडाने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. धुरातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड वायू फुप्फुसांस व हृदयास अपाय करतात. घरातील धुरामुळे व प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे तर प्राणघातक ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो.

या प्रश्नावर भारतात जुन्या काळापासून प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली, हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धूर बाहेर नेणाऱ्या चुलीचा पुरस्कार केला, आणि १९८३ ते २००२ या काळात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला. धुराड्याने धूर स्वयंपाकघराबाहेर जातो, पण धुराडे साफ न केल्यास काजळीने तुंबते. स्वच्छ इंधन परवडेल व नियमित मिळेल तेथे तेच वापरणे आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत चांगले. जेथे चूल पेटवावीच लागते, तेथे वाळलेल्या बारीक फाळी, खेळती हवा, चालू स्थितीतील धुराडे आणि विस्तवापासून दूर ठेवलेली लहान मुले, इतकी काळजी तरी घेतलीच पाहिजे.

शाळेत करून पाहण्याचा प्रयोग

एकाच ओल्या फांदीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. एक तसाच ठेवावा व दुसरा शिक्षकांच्या देखरेखीखाली मोठ्या माणसाकडून फोडून त्याच्या चार फाळी करून घ्याव्यात. दोन्ही हवेशीर जागी ठेवून दर आठवड्यास त्यांचे वजन करावे आणि आलेखावर मांडावे. दोन रेषा एकमेकींपासून कशा दूर जातात ते पाहावे.

प्रयोगशाळेत तापमान नियंत्रित करता येणारी उष्णपेटी असल्यास फाळीच्या मध्यातून लहानसा तुकडा कापून तो तोलावा आणि १०५ अंश सेल्सिअसला, वजन कमी होणे थांबेपर्यंत ठेवावा. आरंभीचे वजन ८० ग्रॅम व अखेरचे ५२ ग्रॅम भरले, तर पाणी २८ ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या ३५ टक्के होते. यानंतर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी येणाऱ्या मोळीचे वजन करावे आणि तिच्यात किती किलोग्रॅम पाणी वाहून आणले जात आहे, याचा हिशेब मांडावा. तो हिशेब घरच्या मंडळींना दाखवावा. मोळी कोण आणते, हे त्या निमित्ताने विचारले जाणे इष्ट आहे.